बारा ओळींचा फॉर्म आणि आमच्या चौघींची टीम : कॉलेजात थ्री बाय थ्री लीग भरवतानाचा माझा अनुभव

आमच्या कॉलेजात (लातूर) थ्री बाय थ्री बास्केटबॉलची लीग झाली त्याला आता वर्ष होत आलं, तरी ऑफिसच्या त्या तीन नंबरच्या खिडकीसमोरून जाताना माझं डोकं अजून तापतं. लीग भारी झाली, सगळे खुश होते, पण ती सुरू व्हायच्या आधीचे एकोणीस दिवस एका फॉर्मनं खाल्ले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहायलेय.

सुरुवात अशी झाली की आम्ही हॉस्टेलच्या चौघी संध्याकाळी कोर्टवर जायचो. मुलांचं फुल कोर्ट चालू असायचं, आम्हाला एक बाजू कधीतरी मिळायची. पाच पाचची मॅच लावायची तर दहा मुली पाहिजेत, त्या कधीच जमल्या नाहीत. कुणाची प्रॅक्टिकल, कुणाची ट्यूशन, कुणाला सातच्या आत रूमवर पोचायचं असतं. थ्री बाय थ्रीला तीन खेळतात आणि एक बदली, एवढ्यात टीम झाली. बास्केट एकच लागते, म्हणजे एका फुल कोर्टवर दोन टोकांना दोन मॅच एकाच वेळी होतात. दहा मिनिटांची मॅच, नाहीतर त्याआधी ज्याचे २१ पॉइंट होतील तो जिंकला. आर्कच्या (बास्केटसमोरच्या अर्धगोल रेघेच्या) आतून बास्केट केली की एक, बाहेरून केली की दोन. ज्या कॉलेजात मुलींची टीमच उभी राहत नाही तिथं हा खेळ म्हणजे देवानं दिलेली सोय आहे असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

क्रीडा विभागाच्या सरांनी पहिल्याच दिवशी हो म्हणलं. मैदान मिळालं, सकाळी साडेसहा ते आठ अशी वेळ ठरली, दोन सीनियर मुलं रेफ्री व्हायला तयार झाली. मुलांच्या आठ टीम आल्या, मुलींच्या चार. हे सगळं तीन दिवसांत झालं. मग सर म्हणाले, ऑफिसात एन्ट्री फॉर्म जमा करा, परवानगीचं पत्र निघालं की सुरू करा. आणि तिथं गुतलं.

फॉर्म वार्षिक स्पर्धांचा छापील होता, सगळ्या खेळांना एकाच साच्याचा. बास्केटबॉलच्या फॉर्मवर खेळाडूंच्या नावाला बारा ओळी, खाली प्रशिक्षकाची सही, संघ व्यवस्थापकाची सही. मी चार नावं लिहिली, चौघींच्या आयडीची झेरॉक्स लावली, हमीपत्रावर पालकांच्या सह्या घेतल्या, आणि नेऊन दिलं. खिडकीवरच्या बाबूंनी पेन्सिलनं खालच्या आठ कोऱ्या ओळींना गोल केला आणि फॉर्म परत सरकवला.

"बाळा, बास्केटबॉलला बारा लागतात. टीम पूर्ण करून आण."

मी म्हणलं सर, हे पाच पाचचं नाही, तीन तीनचं आहे, टीमच चार जणांची असते. ते म्हणाले, "तीन तीनचं लिस्टमधी नाही. लिस्टमधी बास्केटबॉल आहे, मुलं आन् मुली. तू कशाचा फॉर्म भरायलीस ते आधी ठरव." मी परत समजावलं, मागं फी भरायची लाइन लागली होती, तेवढ्यात खिडकी बंद झाली जेवणाची.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले तर सर युनिव्हर्सिटीच्या टीमसोबत बाहेरगावी, आठ दिवस येणार नाहीत. फोनवर म्हणाले मी सांगतो. सांगितलं असेल, पण खिडकीतून उत्तर तेच आलं, "तोंडी काय बी सांगतील, मला कागद लागतो." त्यांचंही एका अर्थानं खरं होतं, उद्या ऑडिटला विचारलं तर ते काय दाखवणार. पण कोणता कागद, कुणाच्या सहीचा, हे काही केल्या सांगेनात. मी चार वेळा विचारलं, चारही वेळा "आधी टीम पूर्ण कर".

मग जो तो सल्ला द्यायला लागला की अगं मैत्रिणींची नावं टाक आठ, कोण बघायलंय. मुलांच्या तीन टीमनी टाकली पण. मी नाही टाकली, आणि याचं मला आजही बरोबरच वाटतं. का ते सांगते. एक तर प्रत्येक नावाला हमीपत्र पाहिजे आणि त्यावर पालकांची सही. माझ्या रूममेटचे वडील औशाहून कामाचा खाडा करून आले होते सहीला, एकीचे उदगीरहून. जी मुलगी खेळणारच नाही तिच्या वडलांना मी कोणत्या तोंडानं बोलवू? दुसरं म्हणजे हिशोब करून बघा, बारा टीम गुणिले चार म्हणजे ४८ खेळाडू. त्यासाठी कागदावर १४४ नावं! उरलेली ९६ माणसं कोण? आणि तिसरं, आमच्या नियमात पहिलंच कलम होतं की एक खेळाडू एकाच टीमकडून खेळणार. त्या तीन टीमच्या खोट्या नावांत दोन पोरं दोन दोन टीममधी निघाली, आणि त्यातला एक तर खरंच तिसऱ्या टीममधून खेळणार होता! ते निस्तरायला परत दोन दिवस गेले, तिन्ही फॉर्म फाडून नव्यानं भरायला लावले मी, त्यावरून भांडण झालं ते वेगळंच.

आणि प्रशिक्षकाच्या सहीचा रकाना. तो कोरा होता म्हणून एकदा फॉर्म परत आला. आता थ्री बाय थ्रीमधी मॅच चालू असताना कोच कोर्टवर चालतच नाही, बाहेरून सूचना दिलेल्याही चालत नाहीत, खेळाडूंनीच ठरवायचं असतं. हा या खेळाचा मूळ नियम आहे. मी ते सांगितलं तर बाबू म्हणाले, "बिगर कोचची टीम असती का कुठं?" त्या दिवशी मी रडकुंडीला आले होते, खरं सांगते. कॅन्टीनला जाऊन सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) घेतला, तो पण अर्धा ठेवला.

(मधेच आठवलं म्हणून सांगते, कोणताही रकाना कोरा सोडू नका. "लागू नाही" असं लिहा आणि शेजारी छोटी सही करा. कोरा रकाना दिसला की फॉर्म परत येतो, "लागू नाही" लिहिलेला फॉर्म निदान हातात घेतात. मला हे ऑफिसच्या शिपाई मामांनी सांगितलं, चौदाव्या दिवशी. पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.)

मामांनीच अजून एक सांगितलं की "पोरी, तू खिडकीवर हुज्जत घालू नको, अर्ज लिही, आवकमधी टाक, नंबर घे." म्हणजे मी इतके दिवस नुसतं बोलत होते, माझ्या बोलण्याची नोंद कुठंच नव्हती. मग मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, आवक रजिस्टरला नोंद केली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घेतला. त्याला पोच म्हणतात, ती जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. पोच हातात असली की "असा अर्जच आला नाही" असं कुणी म्हणू शकत नाही.

अर्ज दोन दिवस टेबलावर पडून राहिला. मग मी पोच घेऊन थेट उपप्राचार्य मॅडमकडं गेले. त्यांनी वाचला आणि एकच विचारलं, "हा वेगळा खेळ आहे का बास्केटबॉलच आहे?" मी फिबाच्या (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या) नियमांची पानं आणि मी केलेली एका पानाची मराठी नियमावली पुढं ठेवली. सांगितलं की मॅडम, टोकियो ऑलिंपिकमधी, जे २०२१ ला झालं, त्यात हा पहिल्यांदा आला, पाच पाचच्या बास्केटबॉलचं मेडल वेगळं आणि याचं वेगळं. मुलांमधी लाटवियाला गोल्ड मिळालं, मुलींमधी अमेरिकेला. २०२४ ला पॅरिसला मुलांचं नेदरलँड्सनं नेलं, मुलींचं जर्मनीनं. टीम तिथंही चौघांचीच असते. मॅडम म्हणाल्या, "मग अर्जाच्या विषयात बास्केटबॉल कशाला लिहिलंस पहिल्यांदा? म्हणून तो बास्केटबॉलच्या फाइलला गेला. विषय बदल."

मी तिथंच बसून विषय परत लिहिला : "थ्री बाय थ्री (संघात चार खेळाडू) या स्वतंत्र क्रीडाप्रकाराच्या आंतरवर्गीय लीगसाठी परवानगी मिळणेबाबत." मॅडमनी समासात लाल पेननं शेरा मारला, "स्वतंत्र प्रकार. चार खेळाडूंचे फॉर्म स्वीकारावेत." आणि त्याच खिडकीवर, त्याच बाबूंनी, बाराच्या बारा फॉर्म दहा मिनिटांत घेतले. एकोणीस दिवस आणि एक ओळ. इतकं हलकं वाटलं की मी पायऱ्यांवरून पळत खाली आले.

आता कोर्टचं. आमचं कोर्ट जुनं, त्यावर थ्री पॉइंटची लाइन (थ्री बाय थ्रीची आर्क तीच) ६.२५ मीटरची आणि बास्केटखालचा चौकोन वरून अरुंद खाली पसरट असा होता. ते २०१० च्या आधीचं आहे, त्यानंतर लाइन ६.७५ झाली आणि चौकोन सरळ झाला. तुमच्याकडंही जुनं कोर्ट असेल तर आधी टेप लावून बघा, मुलं हमखास त्या जुन्या लाइनवरून दोन पॉइंट मागतात. आम्ही एंड लाइनच्या (बास्केटमागच्या रेघेच्या) आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर, म्हणजे बरोबर रिंगच्या मध्याखाली, खिळा धरला, दोरी ६.७५ ची केली आणि खडूनं आर्क मारली. साइडला ती कोपऱ्यात साइड लाइनपासून ९० सेंटिमीटरवर सरळ खाली येते. चुना वापरू नका, पाय घसरतो. कोर्टची लांबी ११ मीटर, रुंदी १५, अर्धं कोर्ट १४ मीटरचं असतं म्हणून ११ वर एक रेघ मारावी लागते. खडू रोज पुसतो, रोज मारावा लागतो, त्याला एक माणूस ठरवून ठेवा.

बॉल खरं तर खास असतो, आकार सहा नंबरचा आणि वजन सातचं, मुलं मुली दोघांना तोच. आम्हाला मिळाला नाही, मुलांना सात नंबर आणि मुलींना सहा नंबर दिला, कुणाचं काही अडलं नाही.

खेळताना सगळ्यात जास्त भांडणं बॉल क्लिअर करण्यावरून झाली. बास्केट झाली की समोरच्या टीमनं रिंगखालून बॉल घ्यायचा आणि ड्रिबल करत किंवा पास देऊन आर्कच्या बाहेर काढायचा, मगच अॅटॅक. डिफेन्स करणाऱ्या टीमला रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) किंवा स्टील (हिसकावलेला बॉल) मिळालं तरी बाहेर काढावाच लागतो. दोन्ही पाय आर्कच्या बाहेर पाहिजेत, लाइनवर पाय असला तरी क्लिअर धरत नाहीत. हे पहिल्या मॅचच्या आधी सगळ्यांना कोर्टवर उभं करून करून दाखवा, कागदावर कुणी वाचत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी दाखवलं, तोवर दोन मॅचमधी आरडाओरडा होऊन गेला होता.

शॉट क्लॉक १२ सेकंदांचा असतो, म्हणजे बॉल मिळाल्यावर तेवढ्या वेळात शॉट मारायचा. आमच्याकडं घड्याळ नव्हतं, पण नियमातच सोय आहे, टीम मुद्दाम वेळ घालवायली असं वाटलं तर रेफ्रीनं शेवटचे पाच सेकंद मोठ्यानं मोजायचे. मुलींच्या फायनलला सगळं पब्लिक सोबत मोजत होतं, अंगावर काटा आला. फाउल टीमचे मोजतात, सहापर्यंत ठीक, सातव्यापासून दोन फ्री थ्रो, दहाव्यापासून दोन फ्री थ्रो आणि वर बॉल पण. स्कोअर शीटवर फाउलचे दहा चौकोन मोठे काढा, आमच्या शीटवर जागाच नव्हती.

एक खेळाडू एकाच टीमकडून हे कलम सोडलं तर आमचे घरचे नियम तीनच : कॉलेज टीममधला खेळाडू एका टीममधी एकच, पहिली मॅच झाली की नावं बदलायची नाहीत, आणि वेळेवर तिघं हजर नसले तर पाच मिनिटं वाट बघून समोरची टीम विजयी. पाच मिनिटं आम्ही दिली, फिबाच्या नियमात तेवढीही मिळत नाहीत. या तिघांतल्या पहिल्या नियमामुळंच लीग रंगली, नाहीतर चार तगडी पोरं एकत्र आली असती आणि बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी येणं सोडलं असतं.

टॉसचं राहिलं. टॉस जिंकणारा बॉल आत्ता घ्यायचा का बरोबरी झाली तर ओव्हरटाइमला घ्यायचा हे ठरवतो. ओव्हरटाइममधी जी टीम आधी दोन पॉइंट करेल ती जिंकते, म्हणजे बाहेरून एकच शॉट बसला की संपलं. आमच्या चौघींची सेमी अशीच गेली आमच्या हातातून. पण शॉट मारणारी मुलगी महिनाभर आधी बास्केटबॉलला हात पण लावत नव्हती, तिला मिठी मारली मी.

परवा या वर्षीचा अर्ज दिला. फॉर्म अजून तोच आहे, बारा ओळींचा. चार नावं लिहिली, खालच्या आठ ओळींवर तिरकी रेघ मारून "लागू नाही" लिहिलं, कोचच्या रकान्यात तेच, आणि मागच्या वर्षीच्या लाल शेऱ्याची झेरॉक्स पिन केली. बाबूंनी झेरॉक्स बघितली, शिक्का मारला, आवक नंबर दिला. मुलींच्या सात टीम झाल्यात, आठवी निलंग्याच्या पोरी करायल्यात.