काका, उशीवरून मान उचला

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागांत कीटकनाशकांच्या फवारण्या वाढतात आणि दिंडोरी, निफाडकडून विषबाधेचे पेशंट नाशिकला येऊ लागतात. ते काका असेच आले. दिवसभर भिजल्या कपड्यांनी औषध मारलेलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या इंजेक्शनने छाती मोकळी झाली, दुसऱ्या दिवशी आयसीयूतून ते आमच्या वॉर्डात आले. तिसऱ्या रात्री माझी नाईट होती. हँडओव्हरमध्ये एकच शब्द मिळाला, 'स्टेबल'.

गोळ्या द्यायला गेले तर काकू त्यांचं डोकं हाताने उचलून पाणी पाजत होत्या.

"अशक्तपणा आलाय हो सिस्टर."

"काका, हात न लावता उशीवरून मान उचला बरं."

जमेना. एका श्वासात आकडे म्हणायला सांगितलं, आठावर अडकले. मॉनिटरवर ऑक्सिजन मात्र ९६.

हा इंटरमिजिएट सिंड्रोम. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत, पेशंट सुधारतोय असं वाटत असतानाच, आधी मानेचे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. ॲट्रोपिन स्राव आटवतं, स्नायूंना ताकद देत नाही. ऑक्सिजनचा आकडा पडेपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो.

रेसिडेंट डॉक्टरांना फोन लावला.

"सॅच्युरेशन किती?"

"९६. पण मान उचलत नाहीये, सर. आत्ताच या."

ते धावत आले तेव्हा काका पाचावर आले होते. लगेच आयसीयूत हलवलं, नळी टाकली. बरेच दिवस व्हेंटिलेटरवर काढून काका चालत घरी गेले.

मानेची ही तपासणी मला आयसीयूतल्या एका सीनियर सिस्टरने पेशंटच्या उशाशी उभं करून शिकवली होती. त्या शिकवणीचा एकही क्रेडिट तास कुठे नोंदला गेला नाही. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण लागतं. ही अट मला मनापासून पटते. पण त्यातले कितीतरी तास आम्ही वीकली ऑफ मोडून, पदरचे पैसे भरून, हॉलमध्ये स्लाइड बघण्यात घालवतो. बेडसाइड शिकवणं त्या तासांत मोजलं गेलंच पाहिजे.

आणि संख्येचं काय? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाने जनरल वॉर्डात शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतरत्र पाचांमागे एक. त्या रात्री तीसेक पेशंट होते आणि आम्ही दोघी. माणूस पाणी कसा पितो हे बघायला त्याच्याजवळ मिनिटभर उभं राहावं लागतं, आणि तेवढं मिनिट बहुतेक रात्री मिळत नाही.

इन्चार्ज सिस्टरांशी बोलून आम्ही फवारणीच्या पेशंटच्या चार्टवर हाताने दोन रकाने आखले आहेत: मान, आणि एका श्वासातले आकडे. दर चार तासांनी भरायचे, पेशंट हसत बोलत असला तरी.