तुम्ही विचारलंत म्हणून: फार्महाऊसवाल्यांची कामं मी का करते

हा प्रश्न आता मला पाठ झालाय. व्याख्यान संपलं की मागच्या रांगेतून येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, आणि टेकड्या वाचवायच्या लढाईतल्या जुन्या मित्रमंडळींकडून तर दर भेटीत येतो. "तू हल्ली बिल्डर लोकांची कामं करतेस म्हणे?" हा उघड प्रकार. "मॅडम, शेतकऱ्यांचं समजू शकतो, पण या वीकेंडवाल्यांची जमीन वाचवून काय मिळतं?" हा सभ्य प्रकार. सगळ्यात टोचला तो एका विद्यार्थिनीचा: "म्हणजे डोंगर नीट कसा कापायचा हे तुम्ही त्यांना शिकवता का?"

आजवर हसून वेळ मारून नेली. आता लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

हो, करते. पैसे घेऊन करते. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासल्याच्या वरच्या अंगाला ज्यांच्या जमिनी उतारावर आहेत, त्यांना माती कशी धरायची आणि पाणी कुठून काढून द्यायचं हे सांगते आणि उभी राहून करून घेते. त्यात शेतकरी आहेत, पण आता जास्त भरणा पुण्यातल्या प्लॉटवाल्यांचाच आहे.

चार धरणं आणि त्यांची 29 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) हा पाढा तुमच्यापुढे वाचत नाही. एवढंच ध्यानात घ्या की त्यातला खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसी, आणि शहराचं बहुतेक पाणी उचललं जातं ते तिथून. दीडशे वर्षं व्हायला आलेल्या त्या तलावातूनच वरचं सगळं खाली येतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हा सोसायट्यांना एकदम आठवलं की नळाला मागे एक नदी असते. महिनाभर मला बोलावणी होती. मग उन्हाळा आला, टँकर सुरू झाले, विषय संपला.

माती गेली की शेतकऱ्याचं नुकसान, असं आपण म्हणतो आणि तुरटीवर भरवसा ठेवून झोपतो. तुरटीनं गढूळ पाणी निवळतं, खरंय. पण मातीच्या कणाआड बसलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोचत नाही, आणि त्याच कणाला चिकटून फॉस्फरस आला की पुढे शेवाळ आणि जलपर्णीचं फावतं. पिण्याच्या पाण्यात गढूळपणा 1 एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा, दुसरी सोयच नसेल तर 5 पर्यंत चालेल, असं आपलं मानक सांगतं. जुलैतल्या ओढ्याचं पाणी एकदा काचेच्या ग्लासात धरून बघा, मग आकडा विचारायची गरज उरणार नाही.

ही माती येते कुठून? 1983 साली ध्रुवनारायण आणि राम बाबू या मृदसंधारणाच्या शास्त्रज्ञांनी देशाचा अंदाज मांडला होता: दर हेक्टरी वर्षाला साधारण 16 टन माती जागची हलते आणि हललेल्या मातीतली दहा टक्के धरणांत जाऊन बसते. 16 टन ऐकायला भयंकर वाटतं. हेक्टरभर पसरली तर तिची जाडी मिलिमीटरच्या जरा वर भरेल, त्यामुळे शेतातून ती गेलेली कोणाला दिसत नाही. दिसते ती रस्ता कापल्यावर. मे महिन्यात जेसीबी लागतो, लेक व्ह्यू मिळावा म्हणून रस्ता सरळ वर चढवतात, आणि कापलेला मुरूम खालच्या अंगाला ढकलून देतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की वाहून न्यायची त्याची ताकद 32 पट होते, हे आम्हाला कॉलेजात घोकून घेतलं होतं. सरळ उताराच्या कच्च्या रस्त्यावर ते बघायला मिळतं.

आता मला सांगा, त्या रस्त्याकडे कोण बघणार? वनजमिनीवर वन खातं चर खोदतं. शेतकऱ्याच्या वरकस जमिनीवर रोहयोतून बांधबंदिस्ती होऊ शकते. अकरा गुंठ्यांच्या प्लॉटवर कोणी येत नाही, आलंच तर नोटीस घेऊन येतं. नोटीस चिकटवलेल्या फाटकाखालून गढूळ पाणी वाहताना मी पाहिलंय.

(एका सभेत ज्यांनी मला सर्वांदेखत धारेवर धरलं, त्यांचाच काही दिवसांनी फोन आला: "मुळशीला थोडी जागा घेतलीय, जरा बघाल का?" बघितली. जागा छान होती.)

पण हे सगळं तुम्हाला ऐकायचं नसतं, मला माहीत आहे. तुम्हाला ऐकायची असते ती मावशींची गोष्ट, जी तुमच्यापैकी काहींनी अर्धीमुर्धी ऐकलीये आणि तिखटमीठ लावून पुढे सांगितलीये. तर ती पूर्ण ऐका. गावाचं नाव नको. पानशेतच्या पाणलोटातलं आहे.

डोंगराच्या पायथ्याला ओढ्यालगत मावशींची भाताची खाचरं होती. वरचा माळ पूर्वी त्यांच्याच भावकीचा, नाचणी-वरईचा. तो विकला गेला, प्लॉट पडले, उन्हाळ्यात रस्ता कापला. जुलैमध्ये, आवणी होऊन आठवडाही झाला नसेल, एका रात्रीच्या पावसात कडेचा सगळा मुरूम ओघळीनं खाली आला. वरच्या खाचराचा बांध फुटला आणि इंद्रायणीच्या रोपांवर घोट्याच्या वर तांबडा मुरूम बसला.

खाचराचं असं असतं की वर्षानुवर्षं चिखलणी करून त्याच्या तळाशी एक घट्ट थर बसलेला असतो. पाणी धरतो तो तोच. वर मुरूम आला की चिखल होत नाही, रोप मूळ धरत नाही. बरं, जेसीबी घालून मुरूम काढावा तर यंत्राचे दात खालच्या थरात जातात आणि खाचर पाणी धरेनासं होतं. म्हणजे माणसं लावून घमेल्यानं काढायचा. ती मजुरी त्या खाचरातल्या भाताच्या किमतीपलीकडे जाते.

तलाठी आले, पंचनामा झाला, कारण लिहिलं अतिवृष्टी. चोवीस तासांत 65 मिलिमीटर पडला की सरकारी हिशेबात अतिवृष्टी. त्या पट्ट्यात जुलैमध्ये 65 मिलिमीटरचं कोणाला काही वाटत नाही. तिथली जुनी खाचरं त्याहून मोठे पाऊस पचवून उभी होती. रस्त्याचा उल्लेख पंचनाम्यात कुठेच नव्हता.

मला बोलावलं ते दिवाळीनंतर, आणि वरच्या एका प्लॉटच्या मालकांनी. कोथरूडचे निवृत्त गृहस्थ, बोलणं अत्यंत मऊ. त्यांना काळजी होती ती रिटेनिंग वॉलला गेलेल्या तड्याची. भिंतीत पाणी निघायला भोकंच ठेवली नव्हती, मागे पाणी तुंबून ती पुढे झुकली होती. मी म्हटलं, "काका, भिंतीचं करू, पण आधी रस्त्याचं पाणी बघू." ते कबूल झाले. बाकीच्या प्लॉटवाल्यांनाही त्यांनीच गळ घातली, हे श्रेय त्यांचं.

रस्त्यावर जागोजाग तिरके उंचवटे घालून पाणी थोडंथोडं कडेच्या गवतात सोडलं. ओघळीत वरपासून खालपर्यंत दगडी अडसर, पायथ्याशी जाळीचा बांध, त्याच्या मागे गाळखड्डा, भरावाच्या उतारावर वाळ्याच्या ओळी. जिथे कारवी शिल्लक होती तिथे कोणाला हात लावू दिला नाही. काकांना सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले, पाणी जिरवणारे) हवे होते, कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेले. ते मी मोडून काढलं. कमी पावसाच्या हिवरे बाजारला चरांनी जे केलं, ते इथे होईलच असं नाही. इतक्या पावसात, इतक्या चढावर, खडकावरच्या वीतभर मातीत पाणी मुरवत राहिलं तर सगळा थरच सुटू शकतो. 30 जुलै 2014 ला डोंगर कोसळून माळीण गाव गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून आमच्या घाटमाथ्यावर कोणी नुसतं 'पाणी जिरवा' म्हणालं की मी आधी उतार मोजायला लावते.

पुढच्या पावसाळ्यात दोन ओढ्यांचं पाणी दोन बाटल्यांत धरून ठेवलं. शेजारच्या ओढ्याच्या बाटलीत बोटभर गाळ बसला, आमच्या ओढ्याच्या बाटलीत नुसती रेघ. त्या दोन्ही बाटल्या घेऊन मी मावशींकडे गेले. शाबासकी घ्यायलाच गेले होते, दुसरं काय. त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाटल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वरचं थांबवलंस, बरं केलंस बाई. पर माझ्या खाचरातलं कोन काढनार?"

"मी बोलते त्यांच्याशी, मावशी."

"तू त्यांचीच की गं. तू काय बोलनार?"

बोलले. काका म्हणाले, "मॅडम, मला खरंच वाईट वाटतं. पण ती जबाबदारी डेव्हलपरची. मी पैसे दिले तर दोष कबूल केल्यासारखं होईल." वकिलानं शिकवलेलं वाक्य असावं. डेव्हलपर तोवर पुढच्या डोंगरावर गेला होता. माझ्या फीमधून निदान एक खाचर मोकळं करून द्यावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. दिलं नाही. एकदा दिलं की प्रत्येक गावात तेच होणार आणि वरचे मालक निवांत होणार, असा हिशेब केला. तो हिशेब मला आजही बरोबर वाटतो, आणि आजही तो सांगताना माझा आवाज खाली जातो.

काही काळानं काकांनी प्लॉट विकला. जाहिरातीत 'शास्त्रीय मृदसंधारण केलेला' असं लिहिलं होतं, सोबत माझ्या वाळ्याच्या ओळींचा फोटो. भाव चांगला आला म्हणे. मावशींच्या मुलानंही खाचरं विकून टाकली, ती मात्र पडीक जमिनीच्या भावानं. तिथे आता वरच्या लोकांच्या गाड्या लावायची जागा आहे. त्या जागेच्या पाण्याचा निचरा कसा करायचा हे सांगायला मला बोलावणं आलं, आणि मी गेले.

गोष्ट इथवर आली की तुम्ही मान हलवता. हलवा. गाड्यांच्या ऑइलचं पाणी सरळ ओढ्यात आणि ओढ्यातून पानशेतच्या धरणात उतरणार होतं. मी घरी बसल्यानं खाचर परत येणार नव्हतं. मावशींना तोंड दाखवायला मात्र मी त्यानंतर गेलेली नाही.

टेकड्यांच्या सभांना मी सतरंज्या उचलण्यापासून होते, हे तुम्ही विसरता. पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर 978 हेक्टरचं बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण आलं तेव्हा लढाई जिंकली असं मला वाटलं होतं. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, "तू त्यांचं काम सोपं केलंस. चार भिंती पडल्या असत्या, तर पाचव्यानं प्लॉट घेताना विचार केला असता." मी तिला म्हणेन, भिंत पडते तेव्हा ती खालच्याच्या खाचरात पडते, आणि नकाशावर हिरवा रंग लावून उतारावरची माती थांबत नाही, जा आणि त्या टेकड्या बघून ये. ती म्हणेल, रंग लावला नसता तर बघायला टेकडीच उरली नसती. आमचं भांडण नेहमी इथेच येऊन अडतं. कधी तिची बाजू जड वाटते, विशेषतः ती जाहिरात आठवली की.

मग कोणी तरी विलासराव साळुंखे यांचं नाव काढतं. काढणारच. पुण्यातलेच उद्योजक, 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात देवस्थानची 40 एकर उजाड जमीन करारानं घेऊन तिथे राबले. पाणी पंचायतीत त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला, भूमिहीनालाही वाटा दिला. त्यांच्यापुढे माझं काम खुजं आहे, हे तुम्ही सांगायची गरज नाही. पण नायगावचा तो उतार एका हातात होता आणि खाली एक गाव होतं. माझ्या एका उतारावर पंचवीस-तीस सातबारे असतात, त्यातले निम्मे मालक एकमेकांना कधी भेटलेले नसतात, आणि खालच्या गावातली पोरं नऱ्हे-धायरीच्या वर्कशॉपांत कामाला असतात. पंचायत कोणाची बसवू?

तरी त्यातलं एक मी उचललंय. आता माझ्या करारात एक कलम असतं: उताराखाली ज्याचं शेत आहे, त्याचा बांध आणि त्याच्या खाचरात आलेला मुरूम, हे काम आधी, वरच्या मालकांच्या खर्चानं. ते वाचून बरेच जण फोन करणं बंद करतात. त्यांचे रस्ते तसेच राहतात आणि माती तशीच धरणात येते. म्हणजे या कलमापायी काही ओढे गढूळच राहिले, हेही मला कळतं. विद्यार्थिनीच्या प्रश्नाला 'नाही' म्हणता यावं म्हणून मी हे कलम घातलं का, असंही कधी कधी वाटतं.

सध्या टेमघरच्या वाटेवरच्या एका गावातलं काम याच कलमावर अडलंय. मालक म्हणतात, निम्मा खर्च देऊ. खालचा शेतकरी म्हणतो, पूर्ण, आणि तोही लेखी. मे उजाडलाय, जेसीबीवाला रोज फोन करतोय. शनिवारी दोघांना समोरासमोर बसवायचंय. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर जरूर या. उतारावर चालायची तयारी ठेवा, आणि हा प्रश्न मला तिथे विचारू नका. मालक समोर असतील आणि मला त्यांच्याकडून सही घ्यायची आहे.