ज्याचं त्याचं पुडकं

मासे खाणाऱ्या घरात रविवारी दुपारी 'सगळे जेवायला बसले' असं म्हणतात, ते पूर्ण खरं नसतं. एक माणूस तव्यापाशी उभं असतं, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते. तुकडी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे हा आमच्याकडचा अलिखित कायदा. पाच मिनिटं उशीर झाला की वरचा रव्याचा पापुद्रा मऊ पडतो, आणि खाणारा बोलला नाही तरी त्याचं तोंड बोलतं. म्हणून "तुम्ही सुरू करा, मी घेतेच" असं म्हणत ती बाई एकेक घाणा काढत राहते. ती बसते तेव्हा तिच्या वाट्याला शेपटाकडचा भाग, तव्याला चिकटून तुटलेला तुकडा आणि तळाशी जमलेला करपट रवा येतो. "मला शेपटीच आवडते" असं सांगणाऱ्या बायका मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पाहिल्यात. २०२३ पासून पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. त्याच्या शेपटीला मात्र अजून कुठला मान मिळाल्याचं ऐकिवात नाही.

फॉइलच्या पुडक्यांतल्या जेवणाचं मला कौतुक वाटलं ते या तव्यामुळे. तेल कमी, भांडी कमी, वगैरे फायदे सगळेच सांगतात. माझ्या दृष्टीने त्यातली गोम एकच: सगळ्यांचं एकाच वेळी शिजतं आणि एकाच वेळी टेबलावर येतं. शिजवणारीला बसता येतं.

मूळ प्रकार अमेरिकेतला. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडे 'लोकंट्री बॉइल' नावाचं जेवण असतं. मोठ्या हंड्यात मसाल्याचं पाणी उकळायचं, त्यात आधी बटाटे, मग सॉसेज, मग मक्याची कणसं आणि अगदी शेवटी कोळंबी सोडायची. शिजलं की पाणी गाळायचं आणि टेबलावर वर्तमानपत्रं पसरून सगळा ढीग त्यावर ओतायचा. ताट नाही, वाटी नाही, पाहिजे ते उचला. मसाला बऱ्याचदा 'ओल्ड बे'. नाझी जर्मनीतून जीव वाचवून बाल्टिमोरला आलेल्या गुस्ताव ब्रुन नावाच्या मसालेवाल्याने १९३९ साली तो बनवला. हेच जेवण घरच्या चार-पाच माणसांसाठी करायचं तर हंडा कशाला चढवा, म्हणून फॉइलची पुडकी. प्रत्येकाला आपापलं एक.

भाचीने अशा पुडक्यांचा फोटो पाठवला होता. तो मी सासूबाईंना दाखवला. त्या मालवणच्या. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, "माशांत मटान? ह्या खयचा शास्तर?"

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मालवणी स्वयंपाकात माशाचं वाटण वेगळं आणि मटणाचं वेगळं. माशाला ओलं खोबरं, मिरच्या, धणे कच्चेच वाटायचे, कोकमं घालायची आणि बांगडा असला तर तिरफळं. मटणाला कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, गरम मसाला सढळ. दोन्ही वाटणं एकाच मिक्सरच्या भांड्यातून काढायची तर मधे भांडं घासून घ्यायचं. ताटात दोघं शेजारी बसतात, गटारीला तर बसतातच, पण एका पातेल्यात नाही. आणि खरं सांगायचं तर मटण या पुडक्यांत चालतही नाही. आपल्याकडच्या बोकडाला कुकरच्या शिट्ट्या लागतात. पंधरा-वीस मिनिटांच्या वाफेला तो दाद देत नाही. तेवढ्या वेळात कोळंबी शिजते आणि आणखी पाच-दहा मिनिटं ठेवली तर रबर होते. म्हणजे मांस असं हवं की जे आधीच अर्धंअधिक शिजवून घेता येईल.

सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी मी पोपटीचा दाखला दिला. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग, पेण, पनवेलकडे मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालतात. वर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, मधे मधे जाडं मीठ आणि ओवा, पुन्हा पाला. तोंड बंद करून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा एक थेंब नाही. शेंगांच्या, पाल्याच्या आणि कोंबडीच्या अंगच्या पाण्यावर सगळं शिजतं. फॉइल वेगळं काय करते? फक्त शेतावर जावं लागत नाही. आणि पारशांची पात्रा नी मच्छी तर याच मुंबईत लग्नाच्या पंगतीला वाढतात: हिरव्या चटणीत माखलेलं पापलेट केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं, ज्याच्या त्याच्या पानावर एक पुडकं.

"पोपटी चांगली," सासूबाई म्हणाल्या. "पण तेच्यात मासो खय आसा?"

तरीही रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघालेच. आमचा मासळीबाजार माहीमच्या सिटीलाइटचा. कोळंबी मध्यम घेतली. फार मोठी आतपर्यंत एकसारखी शिजत नाही आणि बारकी पुडक्यात हरवते. "सोलून देव काय गो बाय?" मासेवाल्या मावशीने विचारलं. सोलून घेतली, शेपट्या तेवढ्या ठेवायला सांगितल्या, आणि डोकी वेगळ्या पिशवीत. ती डोकी ठेचून, गाळून काढलेल्या पाण्यावर सोमवारी कालवण झालं असतं, पण सोमवारी आमच्याकडे वार असतो, त्यामुळे ती फ्रीजरमध्ये मंगळवारची वाट पाहत बसली. पाठीतला काळा दोरा मात्र मी घरी येऊन पुन्हा तपासते. मावशीचा हात इतका चपळ असतो की कुठेतरी एखादा दोरा राहतोच.

सॉसेजसाठी बांद्र्याच्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानात गेले. गोव्याची सॉसेजेस तिथे माळेत लटकलेली असतात, लालभडक, गुटगुटीत मणी. डुकराचं मांस, लाल मिरची, लसूण, भरपूर व्हिनेगर. ती कच्चीच असतात, म्हणून आधी कातडं काढून, थोड्या पाण्यात कांद्याबरोबर पंधरा मिनिटं शिजवून घ्यायची. पाणी आटलं की चरबी सुटते आणि पातेल्याच्या कडेने केशरी तेल जमतं. हे तेल फेकणाऱ्याला माझ्या स्वयंपाकघरात जागा नाही. उकडलेल्या बटाट्याच्या जाड चकत्या त्याच तेलात घोळवायच्या. बटाटा ते पिऊन घेतो आणि कापलेल्या बाजूवर शेंदरी कड उमटते.

ओल्ड बे इथे शोधत बसण्यात अर्थ नव्हता, कारण बॉटल मसाला होता. ईस्ट इंडियन लोकांचा हा मसाला. वसईपासून गिरगावापर्यंतचे हे इथले मूळचे ख्रिस्ती. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी हे नाव घेतलं. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कुटून तो मसाला करतात आणि बियरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरतात. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं आणि ते सहजासहजी कुणाला सांगत नाहीत. माझी मैत्रीण वर्षाला एक बाटली देते, कृती देत नाही. माशाला चालतो, मटणाला चालतो, भाजीलाही चालतो. सासूबाईंच्या शास्त्रातली दोन वाटणांची भानगड त्या बाटलीने परस्पर मिटवली.

आता फॉइल. आपल्याकडे तिची ओळख शाळेच्या डब्यातल्या पोळीमुळे. घरगुती फॉइलची गुंडाळी अमेरिकेत रेनॉल्ड्स कंपनीने बाजारात आणली ती १९४७ साली. तिची एक बाजू चकचकीत आणि एक मंद का असते, यावर आमच्या इमारतीत बरेच सिद्धांत आहेत. चकचकीत बाजू आत ठेवली की अन्न गरम राहतं, बाहेर ठेवली की लवकर शिजतं, एका काकूंच्या मते मंद बाजूला 'केमिकल' असतं. कारण अगदी साधं आहे. पत्रा इतका पातळ लाटायचा म्हणजे फाटण्याची भीती, म्हणून शेवटच्या फेरीला दोन पत्रे एकत्र लाटतात. जी बाजू रुळाला घासते ती चकचकते, ज्या दोन बाजू एकमेकींना टेकतात त्या मंद राहतात. शिजण्यात काडीचाही फरक पडत नाही.

फरक पडतो तो आंबटाने. ॲल्युमिनियमला आंबट सोसत नाही. कोकम, चिंच, लिंबू, टोमॅटो यांनी त्याला बारीक भोकं पडतात आणि अन्नाला धातूची चव येते. सॉसेजमध्ये व्हिनेगर असतंच. आपल्या हाताला तर माशावर काहीतरी आंबट पिळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून आत केळीचं पान घालायचं. दादर स्टेशनबाहेर पानं सहज मिळतात. मधली जाड शीर काढायची, पान गॅसवरून फिरवायचं, हिरवा रंग एकदम गडद होतो आणि पान कापडागत मऊ पडतं. खाली फॉइल दुहेरी, कारण आपल्याकडची घरगुती फॉइल पातळ, शेपटीचं टोकही तिला पुरतं. तिच्यावर पान. पानावर बटाटे, मग मक्याचे गोल काप, सॉसेज, आणि सर्वांत वर लसूण, बॉटल मसाला आणि लोण्यात घोळवलेली कोळंबी. लिंबू उघडल्यावर. कडा दोन-दोनदा दुमडून घट्ट करायच्या, पण वर थोडी पोकळी ठेवायची, वाफेला फिरायला जागा लागते. तापवलेल्या ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, दोनशे अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. ओटीजी नसेल तर जाड तवा, मंद आच, वर मोठं झाकण, आणि वेळ थोडा जास्त. मायक्रोवेव्हमध्ये मात्र अजिबात नाही, ठिणग्या उडतात.

बंद करण्याआधी खरी गंमत असते. पातेल्यातलं कालवण वाढताना डाव कुणाच्या हातात आहे यावर घरातलं बरंच काही ठरतं. गाबोळी कुणाला, डोकं कुणाला, मधली तुकडी जावयाला की मुलाला. पुडक्यात हे सगळं आधीच, भर उजेडात ठरवावं लागतं. सहा पुडकी ओट्यावर उघडी आणि मी कोळंब्या मोजून टाकतेय, शेजारी मुलगा निवडणुकीच्या निरीक्षकासारखा उभा. नवऱ्याला बटाटे जास्त, सॉसेज जास्त. मुलाला मका. सासूबाईंना डुक्कर चालत नाही, म्हणून त्यांच्या पुडक्यात परतलेले चिकनचे तुकडे. नणंदेला लसूण नको, आणि नणंदेच्या नवऱ्याला तिच्या वाटणीचा लसूणही हवा. वर मार्करने नावं लिहिली. माझ्या पुडक्यात मी सगळ्यांइतक्याच कोळंब्या घातल्या, आणि वर दोन जास्त. कुणाला कळलं नाही, कारण ते झाकलेलं होतं.

बाकी मग काही करायचं नसतं, आणि हेच जमायला कठीण. झाकण काढून पाहता येत नाही, मीठ चाखता येत नाही, डाव फिरवता येत नाही. मी ओट्याभोवती उगाच घुटमळत राहिले. शेवटी नवराच म्हणाला, "अगं, बस की आता." बसले. पुडकी आली तेव्हा फुगलेल्या पुरीसारखी टम्म होती. कात्रीने वर चीर द्यायची, तोंड लांब ठेवून. ती वाफ चांगलीच भाजते. सहाही जणांनी एकदम चीर दिली आणि इतका वेळ दबून राहिलेला वास घरभर सुटला. वरच्या मजल्यावरचे शाकाहारी शेजारी तोवर जेवून झोपले होते, हे बरं. कोळंबी गुलाबी, नुकती आकसलेली, तळाशी केशरी रस. त्यात पाव बुडवायचा. कणीस हातात धरून खायचं. टेबलावर बराच वेळ कुणीच बोललं नाही. सहा जणांत मीही होते.

सासूबाईंनी पुडकं चाटूनपुसून संपवलं आणि निकाल दिला, "बरा आसा. पण कुरकुरीत कायच नाय." तेव्हापासून या जेवणाला पापड असतो. तो भाजायचं काम नवऱ्याकडे आहे आणि तो निम्मे जाळतो, पण भाजतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कोळंबीच्या जागी अंडी आणि चिकन घालते, पोपटीच्या चालीवर. तेही बरं लागतं, पण रसात तो समुद्र नसतो.

नारळी पौर्णिमा झाल्यावर पुन्हा बेत ठरला तेव्हा सासूबाईंनी अट घातली. त्यांचं पुडकं त्या स्वतः बांधणार. आत अख्खा बांगडा चिरा देऊन, कच्चं वाटण, कोकमं आणि मूठभर तिरफळं. फॉइल नको, नुसतं केळीचं पान आणि वर सुतळी. ते पान काही फॉइलसारखं घट्ट बसत नाही. अर्ध्या तासात तिरफळांचा वास ओटीजीभर पसरला आणि सगळ्यांच्या पुडक्यांवर बसला. मुलाने पहिला घास घेऊन कणीस खाली ठेवलं. "आजी, माझ्या मक्याला बांगड्याचा वास येतोय."

सासूबाईंनी काटा काढता काढता वरही पाहिलं नाही. "मगे? नायतर त्या मक्याक चव खय होती?"