मंगळवारी संध्याकाळी सात वाजता

माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला आणि इकडे जर्मनीत माझी झोप उडाली. इथल्या डॉक्टरबाईंनी झोपेची गोळी लिहून देण्याआधी विचारलं, "विम्यातून मिळणारा ताणमुक्तीचा वर्ग केलात का?" मला आधी राग आला. अमळनेरला आबा एका कुशीवर पडून आहेत, भाऊ आणि वहिनीत त्यावरून रोज वाद होतोय, आणि मी इथे चटई अंथरून बसू?

तरी चौकशी केली. इथला सार्वजनिक आरोग्य विमा तपासून मान्य केलेल्या वर्गांच्या फीमधला बराचसा भाग परत देतो, वर्षाला साधारण दोन वर्गांसाठी. वर्ग आठ ते बारा आठवड्यांचा असतो. योग असतो, तसंच जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरची पद्धतही, म्हणजे एकेक स्नायू काही सेकंद घट्ट आवळायचा आणि सोडायचा. बर्लिनच्या शुल्ट्झ नावाच्या डॉक्टरने 1932 मध्ये मांडलेली पद्धत आहे, 'हात जड झालाय, हात उबदार झालाय' असं मनात म्हणत पडून राहायचं. आणि जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केलेला आठ आठवड्यांचा ध्यानाचा कार्यक्रम, ज्यात घरी रोज पाऊण तास बसावं लागतं.

वर्गातल्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही भारतातल्या, तुम्हाला हे कशाला शिकायचं? मला ते लागलं. ज्या अमळनेरात 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था उभी आहे तिथली मी. पण सूर्यनमस्कार शाळेच्या मैदानात घातले होते, कवायत म्हणून. घरच्या काळजीने छाती भरून येते तेव्हा काय करायचं, ते तिथे कुणी शिकवलं नव्हतं.

खरं तर माझा ओढा विपश्यनेकडे होता. गोएंका गुरुजींचं विपश्यना केंद्र इगतपुरीला, नाव लहानपणापासून ऐकलेलं. त्यांचं केंद्र जर्मनीतही आहे, आणि शिबिराला फी नाही. पण दहा दिवस मौन आणि फोन जमा. आबांची अशी अवस्था असताना मी तो फोन देऊच शकत नव्हते. नुसतं डोळे मिटून बसण्याचंही तसंच. मन आधीच घरात अडकलेलं असलं की शांततेत तेच सगळं दुप्पट जोराने वर येतं. म्हणून मी हालचालीचा, संथ श्वासाचा योग घेतला. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, एवढंच मी फोन वाजत असतानाही करू शकते.

आता विम्याच्या हजेरीच्या नियमाबद्दल. पैसे परत हवे असतील तर 80 टक्के हजेरी लागते. दहा वर्ग असतील तर आठ. कारण कुणी विचारत नाही. वडील आजारी आहेत म्हणून सूट नाही, प्रवासात होते म्हणून सूट नाही. शिक्षिका दर वेळी सही घेतात. मी त्यांना आबांचं सगळं सांगितलं, त्यांनी हात धरून ऐकून घेतलं, आणि गैरहजेरी मांडली. किती चिडले होते मी! आपल्याकडे माणसाची अडचण बघून कागद वाकवतात, आणि मला ते आजही चांगलंच वाटतं.

पण त्याच नियमाने मला घरी एक वाक्य मिळवून दिलं: मंगळवारी सात वाजता माझी हजेरी असते. उन्हाळ्यात तेव्हा अमळनेरला साडेदहा वाजलेले असतात, भाऊचा तक्रारींचा फोन नेमका तेव्हाच यायचा. 'मला थोडा वेळ हवाय' म्हटलं असतं तर आपल्या घरात बाईला कुणी दिला असता? हजेरी म्हटल्यावर सगळे गप्प. लांब राहून मी फोनपुरतीच कामाची आहे. मग तो आवाज तरी स्थिर हवा, आणि त्यासाठी दीड तास घेतला तर त्यात मला काही गैर वाटत नाही.

गैर वाटतं ते वहिनीचं. आबांना रात्री कुशीवर वळवते ती, आणि विमा पैसे देतो मला. तिला मी श्वासाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माले नही जमत ते, ताई." तिला गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात हरिपाठाला जायचं होतं. आबा पडल्यापासून ते बंद झालं होतं. चार बायकांत टाळ वाजवत मोठ्याने म्हटलं की डोकं रिकामं होतं, असं ती म्हणते, आणि मला ते पटतं. मोठ्याने लांब ओळ म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो. माझ्या वर्गापेक्षा तिचा वर्ग कुठेही कमी नाही.

म्हणून भाऊला मी तोच नियम लावला आहे. आठवड्यातले किमान सहा दिवस वहिनी हरिपाठाला जाणार, तेवढा वेळ आबांजवळ तो बसणार, आणि दुकानाची सबब चालणार नाही. पहिल्या दिवशी तो चिडला. आता संध्याकाळच्या गोळ्यांचा गोंधळ झाला की वहिनीला मंदिरातून बोलावत नाही, मला फोन करून विचारतो.