दहा मिनिटांचं लीळाचरित्र

एम.ए. मराठीला अंतर्गत गुणांसाठी सेमिनार द्यावा लागतो. दहा मिनिटं वर्गापुढं बोलायचं, मग मॅडम आणि पोट्टे मिळून प्रश्न विचारणार. बहुतेकांनी कादंबऱ्या उचलल्या. मी ‘लीळाचरित्र’ मागून घेतलं. कॉलेजला जाताना आमच्या एसटीत रोज रिद्धपूरची, म्हणजे महानुभाव पंथाच्या तीर्थाची, माणसं चढतात-उतरतात, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही आलंय. आणि वहीत मात्र ‘आद्य गद्यग्रंथ, म्हाइंभट, सुमारे १२७८’ एवढ्यावर मामला मिटवायचा, हे मला पटेना.

ग्रंथालयातली जाडजूड प्रत घरी आणली. डोळ्यांनी वाचायला गेलं की दर ओळीला अडखळायला होतं. मोठ्यानं वाचलं की तीच ओळ सुटी होते. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू होती, म्हणून आई संत्र्याच्या ढिगापाशी बसून लहान-मोठी फळं वेगळी करत होती. मी बांधावर बसून वाचत गेले. मधेच हात थांबवून ती म्हणाली, “हे लिहेल नाही वाटत वं. कोणी तरी सांगून राह्यलं.”

तिला कुठं माहीत, पण म्हाइंभटांनी केलं ते हेच. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडं निघून गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांच्याकडून एकेक आठवण, म्हणजे लीळा, गोळा केली आणि स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून ती पारखून घेतली. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध ही ग्रंथाची तीन भागांची रचना मी एका वाक्यात उरकणार आहे. ती कोणत्याही गाईडात सापडते. जास्त वेळ स्वामींची शिष्या महदाइसेला. ती सारखी प्रश्न विचारायची, आणि स्वामींना त्याचं कौतुकच होतं. आमच्या वर्गात प्रश्न विचारणाऱ्या पोरीकडं कसे पाहतात, हे मी सांगणार नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजेल.

गल्लीतले एक बाबा महानुभाव आहेत. त्यांना टिपण वाचून दाखवायला गेले तर आधी “दंडवत प्रणाम”, मग चहा, मग पहिल्याच वाक्याला हरकत: “चक्रधर म्हणाला? तुह्या वर्गातला हाये का तो?” परीक्षेच्या उत्तरात आम्ही सगळे तसंच लिहितो. आता सगळीकडं ‘स्वामी म्हणाले’ केलं. दोन पानं खोडाखोडीनं भरली, पण बोलताना जीभ बरी वळते.

प्रश्न कोणता येणार ते मला ठाऊक आहे: मूळ प्रत धाडीत गेली, नंतर आठवणीतून पुन्हा लिहिली, पाठही (ग्रंथाच्या प्रतीही) वेगवेगळे झाले, मग खरं कोणतं? पंथातल्या हिराइसेच्या पाठाचं उदाहरण देईन. तिचं पाठांतर दांडगं, म्हणून तिच्या स्मरणावर पाठ उभा राहिला. तरीही कोणी अडलाच, तर त्याला म्हणेन, परवाच्या सेमिनारात मॅडम काय बोलल्या ते दोघांनी वेगवेगळं लिहून आणा, मग बोलू.

गुरुवारी नंबर आहे. कागद नेणार नाही, फक्त एक लीळा वाचायला पुस्तक नेईन.