काठीच्या होळीची पहाट आणि कॅमेऱ्याची बॅटरी

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पेटते पहाटे, आणि फोटो काढणाऱ्याची खरी पंचाईत तिथेच आहे. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून, मोलगीमार्गे माणसं आदल्या संध्याकाळपासूनच काठीला पोचायला लागतात. रात्रभर ढोल वाजतात. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगभर पांढरे ठिपके काढलेले, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्या आणि बावा, म्हणजे होळीचं व्रत धरलेले नाचे, न थकता नाचत राहतात. समोर इतकं काही चाललेलं असताना कॅमेरा गळ्यात गप्प लटकत ठेवणं कोणाला जमतं? आणि ज्यासाठी एवढा घाट चढून आलो ती होळी पेटते उजाडायच्या आधी, नेमकी बहुतेकांची बॅटरी शेवटच्या रेघेवर आलेली असताना.

मी शहाद्याला शाळेत शिकवते, फोटो हा छंद. माझ्याकडे कॅननचा १५००डी आहे, आत आरसा असलेला डीएसएलआर. सोबत मिळालेली किट लेन्स, एक लांबचं टिपणारी ५५-२५० मिमीची आणि एक ५० मिमीची स्वस्तातली १.८ लेन्स. या कॅमेऱ्याची बॅटरी लहानच: ७.४ व्होल्ट, ८६० एमएएच (मिलिअँपिअर-तास). दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं तर साधारण ६.४ वॉट-तास. एवढ्या शिदोरीवर अख्खी रात्र काढायची होती, म्हणून होळीच्या आधीच मी हिशेब करायला बसले.

कंपनी सांगते की व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, बघून काढले तर एका चार्जिंगमध्ये साधारण ५०० फोटो निघतात, आणि मागच्या पडद्यावर बघून काढले तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. हे आकडे २३ अंश तापमानाचे आहेत आणि निम्मे फोटो फ्लॅशसह धरलेले आहेत. २३ अंश आमच्याकडे फेब्रुवारीत सकाळी घटकाभर असतात, ते सोडा. मला त्यात खटकलं ते वेगळंच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजाराचे फोटो काढताना माझी बॅटरी ५०० च्या कितीतरी आधी मान टाकायची, आणि चांगदेवला हतनूरच्या पाण्यावर चक्रवाकांचे फोटो काढताना तीच बॅटरी भराभर शटर मारूनही पुरून उरायची. बॅटरी तीच, माणूस तोच, थंडीचे दिवसही तेच.

घरीच तपासून पाहिलं. बॅटरी पूर्ण चार्ज केली, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर सतत चित्र, लावला, कॅमेरा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, मधे थांबला की पुन्हा चालू केला आणि एकही फोटो काढला नाही. स्वयंपाक होऊन जेवणं आटोपेपर्यंत बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं. पुन्हा चार्ज करून अंगणात गेले, डोळा व्ह्यूफाइंडरला लावला आणि चिमण्यांवर भरमसाट शटर मारले. कार्ड भरत आलं तरी चिन्ह जेमतेम एक रेघ खाली सरकलेलं. एकेक फोटो टिपायला बॅटरीचं फारसं काही जात नाही. जातं ते दोन फोटोंच्या मधल्या वेळात, कॅमेरा जागा राहून वाट बघत असतो तेव्हा.

सारंगखेड्याचा उलगडा मग आपोआप झाला. घोडा नाचवत आणेपर्यंत आपण पडदा चालू ठेवून उभे. आला की चार फोटो, लगेच ते उघडून बघायचे, मोठे करून डोळ्यांवर फोकस आहे का ते तपासायचं, नको ते तिथेच उडवायचे. हतनूरला पक्षी असल्या गोष्टींना वेळच देत नाही.

तेव्हापासून काठीच्या तयारीचा सगळा जोर या मधल्या वेळावर होता. कॅमेरा आपोआप झोपण्याची वेळ मी ३० सेकंदांवर आणली. आधी ती चार मिनिटांवर होती, कारण ऐन वेळी कॅमेरा झोपलेला असेल ही धास्ती. पण शटरचं बटण अर्धं दाबलं की तो इतक्या पटकन उठतो की डोळ्याला लावेपर्यंत तयार असतो. कॅमेरा मुख्य स्विचवरून सारखा चालू-बंद करायचा नाद मात्र मी करत नाही. काही कॅमेरे चालू होताना आणि बंद होताना दरवेळी सेन्सर झटकून साफ करतात, त्यात उलट खर्चच होतो. काढलेला फोटो आपोआप पडद्यावर येतो ते बंद केलं. वाय-फाय बंद. मागे शटरस्पीड वगैरे दाखवणारा पडदा डिस्प बटणाने विझवला, तेच आकडे व्ह्यूफाइंडरमध्ये खाली दिसतात. पडद्याचा उजेडही कमी केला. रात्री तसंही पूर्ण उजेडाचा पडदा डोळ्यांवर येतो आणि फोटो आहे त्यापेक्षा चांगला वाटतो, दुसऱ्या दिवशी घरी बघावा तर अंधार.

बोटाची सवय मोडणं सगळ्यात अवघड गेलं. अर्धं बटण दाबून धरलं की उजेड मोजणं चालू, फोकस चालू, आणि लेन्समध्ये हादरे सावरणारी यंत्रणा असेल तर तीही चालू. कानाजवळ धरलं तर ५५-२५० मधली बारीक घरघर ऐकू येते. नुसतं बघत असताना बोट बटणावरून उचलायचं, एवढंच. ऐकायला सोपं आहे. ५० मिमीच्या लेन्समध्ये ही यंत्रणाच नाही, म्हणून रात्रीसाठी तीच ठरवली. शिवाय लेन्स पूर्ण उघडून (एफ १.८) आणि सेन्सरची संवेदनशीलता वाढवून (आयएसओ ३२००) पेटत्या उजेडात फ्लॅशची गरज राहत नाही. कॅमेऱ्यातला फ्लॅश याच बॅटरीवर जगतो. आणि बॅटरीचं जाऊ द्या, व्रत धरून रात्रभर नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत फ्लॅश मारू नये. तिथे बाहेरून येणारे पुष्कळ जण मारतात.

जोडीला बॅटऱ्या घ्यायच्या होत्या. एक मूळची होतीच, अजून दोन घेतल्या, दोन्ही कंपनीच्याच. बाजारात त्याच आकाराच्या, दीड हजाराच्या वर एमएएच छापलेल्या आणि निम्म्याहून स्वस्त बॅटऱ्या मिळतात. त्याच मापाच्या डबीत, तेच दोन सेल बसवून जवळजवळ दुप्पट वीज कुठून येणार? लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राकडून तशी एक मागून आणली आणि ओट्यावरची परीक्षा तिलाही दिली. ती मूळच्या बॅटरीच्या आधी संपली. स्वस्त बॅटऱ्या सगळ्याच वाईट असतात असं नाही, तो मित्र त्यांवर लग्नं काढतो, पण त्याच्याकडे हॉलमध्ये प्लग असतो.

नवीन बॅटऱ्या घेऊन आमच्या स्टुडिओवाल्या बापूंकडे गेले तर ते म्हणाले, "ताई, नवी बॅटरी शे, रातभर चार्जिंगले लाव, मंग पुरी सरू दे. तीनदा असंच कर." बापूंनी रोलच्या जमान्यापासून काम केलंय, त्यांचा हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांच्या काळात खरा होता. त्या अर्धवट वापरून परत परत चार्ज केल्या तर पूर्ण क्षमता दाखवेनाशा व्हायच्या. लिथियम-आयनला ती खोड नाही. उलट दरवेळी तळापर्यंत रिकामी करणं तिला सोसत नाही. चार्जर स्वतःच थांबतो, माझ्या चार्जरचा केशरी दिवा जाऊन हिरवा लागला की झालं. बापूंना तिथे काही बोलले नाही, घरी येऊन मला करायचं तेच केलं.

आमच्या भागात याहून महत्त्वाचं म्हणजे चार्जिंग कधी लावायचं. थंडीत बॅटरी लवकर संपते, खिशात उबेला ठेवा, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. गारठ्यात बॅटरीच्या आतला विरोध वाढतो, व्होल्टेज खाली येतो आणि कॅमेरा तिला संपलेली समजतो. थोडी ऊब मिळाली की तीच बॅटरी पुन्हा चालते. पण खान्देशात हे डिसेंबरच्या पहाटेपुरतं. आमचा खरा शत्रू ऊन आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं, आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उष्णतेत बॅटरी त्या दिवशी छान चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ती आतून म्हातारी होत असते, आणि पूर्ण चार्ज असताना तापली तर जास्तच. म्हणून मी चार्जिंग पहाटे लावते. दुपारी पत्र्याखाली नाही, आणि उन्हातून आलेली गरम बॅटरी तशीच चार्जरला नाही, आधी निवू द्यायची. मोटारसायकलच्या टाकीवरची बॅग आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड या दोन जागा तर बॅटरीला वर्ज्यच.

काठीला प्लग मिळेल हे मी धरलंच नाही. यूएसबीवर चालणारा जोड चार्जर आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. आकडा मोठा वाटतो, पण तो ३.७ व्होल्टचा आहे, म्हणजे ३७ वॉट-तास. त्यातले बरेच वाटेत गळतात. माझी ६.४ वॉट-तासाची बॅटरी त्यावर तीन-चार वेळा भरेल इतकं धरायचं.

बॅटऱ्यांवर मार्करने क, ख, ग लिहिलं. संपलेल्या बॅटरीला रबर लावायचं ठरवलं, कारण अंधारात भरलेली कोणती आणि रिकामी कोणती हे चाचपून कळायला हवं. टोकांवरची प्लॅस्टिकची झाकणं घातली. पर्समध्ये सुटे पैसे असतात, धातूची दोन्ही टोकं त्यांनी जोडली गेली तर बॅटरी भलतीच तापते. टोकं कोरड्या सुती कापडाने पुसून घेतली.

रात्र सुरू झाली आणि ठरवलेलं बऱ्यापैकी पाळलं गेलं. एका बाबतीत मात्र हिशेब मी मुद्दाम सैल ठेवला होता. फोटो काढला की पोरं भोवती गोळा होतात, "दाखव ना, दाखव." मोठी माणसंही येतात, टोप नीट दिसतोय का बघतात. हा सगळा पडदा चालू ठेवण्याचा खर्च, म्हणजे मी महिनाभर जो वाचवायला शिकत होते नेमका तोच. पण ज्याचा फोटो घेतला त्याला तो दाखवायचा नाही, हे मला पटत नाही. क बॅटरी मी त्यासाठीच सोडली होती. ती बारा वाजायच्या आत संपली, तिला रबर लागलं आणि ती पॉवर बँकेवर गेली. दाखवणं बंद झालं नाही, कमी झालं. नाचाचा एक लांब व्हिडिओ घ्यायचा मोह झाला होता, तो फोनवर घेतला. कॅमेऱ्यात व्हिडिओ म्हणजे सेन्सर, पडदा आणि कार्डावर लिहिणं, तिन्ही सलग चालू.

ख बॅटरीवर पहाट जवळ आली. उंच बांबूभोवती गर्दी दाटायला लागली तेव्हा ख मध्ये अजून दोन रेघा दिसत होत्या, तरी ती काढून ग घातली. या कॅमेऱ्याच्या चिन्हाला चारच पायऱ्या आहेत आणि शेवटच्या दोन फार भरवशाच्या नाहीत. ऐन वेळी गर्दीत कोपर खात बॅटरीचं झाकण उघडायचं नव्हतं. होळी पेटली, ग वर सगळं निघालं, आणि परतीच्या घाटात ख मधलं उरलेलं सातपुड्याच्या सकाळीला कामी आलं.

काठीला भेटलेल्या एकाकडे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा होता. त्याला हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्येही छोटा पडदाच असतो, म्हणून डोळ्याला लावून वीज वाचत नाही, आणि बॅटऱ्या जास्त लागतात. त्याची सोय दुसरीकडे होती: कॅमेरा थेट पॉवर बँकेवर चार्ज होतो, मग चहा पितानाही तो कॅमेरा वायरला लावून बसला होता. कॅमेरा लवकर झोपवणं त्याच्याही कामाचं, बहुधा माझ्यापेक्षा जास्तच.

आता शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे आणि कॅमेरा फारसा बाहेर निघत नाही. तिन्ही बॅटऱ्या निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, कॅमेऱ्यातून काढून ठेवल्यात, कारण बंद कॅमेराही थोडी थोडी वीज ओढत राहतो. फ्रीजमध्ये ठेवत नाही, बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटतं. गावी आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, जुनं घर आहे, तिथल्या आतल्या खोलीत, खालच्या कोनाड्यात एका डब्यात त्या आहेत. घरात सगळ्यात गार तीच जागा. जूनमध्ये काढून आधी पोट फुगलंय का बघेन. फुगलेली निघाली तर ती परत कॅमेऱ्यात घालणार नाही, टोचणार नाही आणि घंटागाडीतही टाकणार नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे देईन.