तुम्ही विचारलंत म्हणून: भट्टी तयार घ्यावी की घरी बांधावी?

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टूलरूमला आहे आणि घरी सुऱ्या करतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. खानापूरचा असो, निपाणीचा असो की संकेश्वरचा, विचारणारा हेच विचारतो: "दादा, पात्याला पाणी द्यायला, म्हणजे तापवून-बुडवून कडक करायला, इलेक्ट्रिक भट्टी पाहिजे. तयार घेऊ का घरात बांधू?"

माझं उत्तर असं, की पेटी स्वतः बांधा, तापमान मोजायचं आणि सांभाळायचं सामान चांगल्यातलं विकत घ्या आणि वायरिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्या. पण त्याआधी पोलाद कोणतं वापरणार ते ठरवा, कारण भट्टी पोलादावर ठरते.

ऊसतोडीचा कोयता करायचा असेल तर भट्टीच्या फंदात पडू नका. कोयत्याला चिवटपणा लागतो. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद थोडं इकडेतिकडे तापलं तरी सांभाळून घेतं आणि आपल्याकडचे जुने लोहारकाका अंधाऱ्या शेडमध्ये रंग बघून ते काम उत्तम करतात. त्यांच्याकडे जाऊन बसा, शिका.

स्वयंपाकघरातल्या पातळ धारेच्या सुरीचं मात्र तसं नाही. तिला EN31 म्हणजे बेअरिंगचं पोलाद घेतलं तर त्यात साधारण 1 टक्का कार्बन आणि 1.5 टक्का क्रोमियम असतं. 820 ते 840 अंशांवर (इथले सगळे अंश सेल्सिअस) ते दहाएक मिनिटं स्थिर राहिलं पाहिजे, म्हणजे हवा तेवढा कार्बन पोलादात विरघळतो आणि तेलात बुडवल्यावर पातं खरं कडक होतं. कोळशाच्या भट्टीत 840 अंश सहज मिळतात. तिथे दहा मिनिटं टिकवणं आणि टोकापासून मुठीपर्यंत सारखं ठेवणं, हे मिळत नाही. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की 770 अंश झाले एवढंच कळतं. त्याच्या पुढचा प्रवास डोळ्यांनी मोजायचा, आणि सकाळच्या उन्हात दिसणारा लाल रंग संध्याकाळी वेगळाच दिसतो. टोक 900 च्या वर गेलं की पोलादाचा दाणा वाढतो. असं पातं मुद्दाम मोडून बघा. चांगल्या पात्याची मोड बारीक आणि फिकट राखाडी असते. जळालेल्याची साखरेसारखी रवाळ आणि चकाकणारी असते. आपण पैसे मोजतो ते हा फरक हातात ठेवण्यासाठी.

डाय म्हणजे साचे बनवणारे वापरतात ते OHNS पोलाद आणखी कमी तापमानाचं, 790 ते 815 अंशांचं. D2 हे साच्यांचंच दुसरं पोलाद मात्र 1010 ते 1030 अंश मागतं. म्हणजे D2 हवं असेल तर भट्टीची तार, विटा आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी कांडी) सगळंच वरच्या दर्जाचं लागतं. सुरुवात करणाऱ्याने D2 घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तयार भट्टीचं. अंबाल्याकडच्या प्रयोगशाळेच्या मफल (बंद पेटीच्या इलेक्ट्रिक) भट्ट्या आपल्याकडे येतात. साखर कारखान्यांच्या आणि काँक्रीट तपासणाऱ्या लॅबमधून जुन्याही मिळतात. त्या वाईट नाहीत, पण आतली खोली बघून घ्या. 9 इंच खोलीची भट्टी लॅबला पुरते, आपल्याला नाही. 8 इंची पातं मुठीतल्या शेपटासकट 12 इंचांच्या पुढे जातं. शिवाय पुष्कळ जुन्या भट्ट्या 900 अंशांपर्यंतच्याच असतात. EN31 साठी त्या चालतील, पण कायम मर्यादेजवळ चालवलेली कॉइल, म्हणजे तापणारी तार, लवकर जाते.

वर्षाला चार-दोन पातीच होणार असतील तर औद्योगिक वसाहतीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे किलोवर काम टाका. फक्त विचारून घ्या, की तुमचं पातं त्याच पोलादाच्या लॉटमध्ये जाणार ना. जाड शाफ्टच्या लॉटमध्ये पातळ पातं गेलं की गरजेपेक्षा जास्त वेळ तापतं आणि वाकडं होऊन येतं.

बांधायचं ठरलं तर आतून 5 इंच रुंद, 5 इंच उंच आणि 16 इंच खोल पुरे. मोठी पेटी बांधायचा मोह आवरा. प्रत्येक जादा इंच तापवावा लागतो. आतला थर हलक्या हॉट फेस (थेट आच सोसणाऱ्या) विटांचा, साडेचार इंच जाडीचा. ही वीट हॅकसॉच्या पात्याने कापता येते, कॉइलसाठी खोबणीही हातानेच पाडता येते. त्याबाहेर सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारी तंतूंची चादर) आणि पत्र्याची पेटी. ब्लँकेट कापताना चांगला मास्क लावाच. ते बारीक तंतू छातीत गेलेले सहजासहजी बाहेर निघत नाहीत.

तारेचं गणित सगळ्यांना अवघड वाटतं, पण ते सोपं आहे. घरच्या 16 अँपियरच्या सॉकेटवर 12 अँपियर ओढायचे. 230 भागिले 12 म्हणजे साधारण 19 ओहम. 16 गेजची कंथाल ए-1 (भट्टीची तापणारी) तार मीटरला जवळपास 0.7 ओहमची, म्हणून 27 मीटर तार आणि भट्टी पावणेतीन किलोवॅटची. तार लेथवर सळईभोवती गुंडाळा आणि सारखी ताणून खोबणीत बसवा. भिंतीतून बाहेर येणारी टोकं दुहेरी पीळ देऊन काढा, म्हणजे ती कमी तापतात. एकदा भट्टी पेटली की कंथाल ठिसूळ होते, त्यानंतर तिला हात लावू नका.

थ्री-फेजचा विचार करू नका. आपल्या खेड्यांत थ्री-फेज पंपासाठी ठरावीक तासच येतो आणि पातं ठरलेल्या तापमानावर धरलेलं असताना लाइन गेली तर सगळं वाया. सिंगल फेजवरही एक ध्यानात ठेवा. संध्याकाळी व्होल्टेज 190 वर आलं की भट्टीची ताकद त्या प्रमाणात नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. पावणेतीन किलोवॅट 1,900 वॅटच्याही खाली येतात. "आज भट्टी 800 च्या वर चढेना" असा फोन आला की मी आधी व्होल्टेज विचारतो. दुपारी किंवा रात्री उशिरा चालवा.

के-टाइप थर्मोकपल, पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून वीज कमी-जास्त करणारा) आणि एसएसआर (त्याच्या हुकमाने वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), हे तीन नग स्वस्तात घ्यायचे नाहीत. थर्मोकपलचं टोक पात्याच्या जवळ पाहिजे, कॉइलजवळ नको. नाहीतर कंट्रोलर तारेचं तापमान दाखवतो आणि पातं मागेच राहतं. एसएसआर बिघडला की बहुतेक वेळा चालूच अडकतो, म्हणून त्याच्या आधी वेगळा काँटॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) घाला. दाराला स्विच लावा आणि तो काँटॅक्टरमधून फेज व न्यूट्रल दोन्ही तोडेल असा जोडा. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल कधीकधी उलटे जोडलेले असतात आणि लोखंडी चिमटा कॉइलला टेकला तर वीज सरळ हातात येते. पेटीला अर्थिंग नसेल तर भट्टी चालू करू नका. यात मी कुणालाही सूट देत नाही.

भट्टी खरं सांगते का, हे घरच्या मिठाने तपासता येतं. साधं मीठ 801 अंशांवर वितळतं. चिमूटभर कोरडं मीठ छोट्या चिनीमातीच्या वाटीत ठेवा, 780 पासून पाच-पाच अंश चढवत जा, दर वेळी थोडं थांबा. वितळलं तेव्हा कंट्रोलर काय दाखवतो ते भट्टीवरच लिहून ठेवा. तो 815 दाखवत असेल तर पुढचा प्रत्येक आकडा तेवढा कमी धरायचा. वाटी आधी दाराजवळ आणि मग मागे ठेवून बघितली तर पुढच्या-मागच्या टोकातला फरकही कळतो. माझ्या मते भट्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि बहुतेक जण ते करतच नाहीत.

एक खर्च सगळे विसरतात. तेलातून काढलेलं पातं कडक पण ठिसूळ असतं, म्हणून ते हाताला सोसेल इतकं झालं की लगेच 180 ते 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवावं लागतं. त्या वेळी मोठी भट्टी अजून 800 ला असते. म्हणून साधा ओटीजी (घरचा बेकिंग ओव्हन) आणि वेगळा थर्मामीटर आधीपासून तयार ठेवा. ओटीजीच्या बटणावरचा आकडा धरू नका.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-जांबोटीकडे, विटा ओल धरतात आणि आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडतो. तेव्हा आधी कमी आचेवर 100-150 अंशांवर तासभर सुकवून मगच वर न्या.

एवढं वाचूनही बांधायचंच ठरलं असेल तर पोलाद कोणतं, सगळ्यात लांब पातं किती इंचांचं आणि तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती येतं, या तीन गोष्टी कळवा. तारेची लांबी मी काढून देतो.